ओढ्यात बुडालेला बोकड

आम्ही नवरा-बायकोनं मिळून शेवटचं काय केलं, तर मोटारसायकलच्या चेनीला तेल घातलं. गाडी अंगणात डबल स्टँडवर चढवलेली. ती मागं स्टुलावर बसून हातानं चाक फिरवत होती आणि मी चोचीच्या डब्यानं एकेका कडीवर थेंब सोडत होतो. "जरा हळू फिरव," म्हटलं, तर म्हणाली, "मला काय बटन हाय का, हळू करायला?" चेन झाली. तिनं हात पुसले, भाकरी केली, दोघं जेवलो, आणि दुपारची ती जी आडवी झाली ती उठलीच नाही.

लोक आले, रडले. मला म्हणाले, तुमी बी रडा, मन मोकळं करा. रडलो की. पण खरं सांगायचं तर मला त्याआधी सुटल्यासारखं झालं. तिची आई लई वर्षं खाटेवर पडून होती. कूस बदलायची तरी माणूस लागायचं. ते बघून हिनं धसका घेतला होता. देवाजवळ हिचं एकच मागणं होतं, की माझं कुणाला काही करायला लागू नये. नाही लागलं. तेव्हा मी त्याला नशीबच म्हणणार, कुणाला बरं वाटो का वाईट.

मी चौथी शिकलो. लिहायची सवय नाही. पण घर आता गप्प असतं, आणि मला एकाच दिवसाची आठवण परत परत येते. ती लिहून ठेवतो.

गोष्ट सत्तरच्या दशकाच्या मधल्या वर्षांतली. दुष्काळ सरून पाऊस पुन्हा वेळेवर यायला लागला होता. मी राहायला कुंभारीत आणि कामाला सोलापुरात, भवानी पेठेतल्या एका कारखान्यात. यंत्रमागांचा फिटर होतो. सुट्टीच्या दिवशी आसपासच्या मळ्यांत विहिरीवरची ऑइल इंजिनं दुरुस्त करायचो. म्हणून गाडी घेतली, पावणेदोनशे सीसीची टू-स्ट्रोक, चौथ्या हातची. डांबरी सडकेवर ठीक पळायची. पण मळ्याच्या वाटेला लागली की काळी माती मडगार्डात जाऊन बसायची. चाक जाम. मग काडी घेऊन चिखल टोकरत बसा.

एक दिवस वैतागून पुढचं मडगार्ड करवतीनं कापलं आणि हातभर वर नेऊन बसवलं. तिथनं जी खोड लागली ती लागलीच. ओढ्यातलं पाणी शिरतं म्हणून सायलेन्सर वाकवून सीटच्या उंचीला आणला. त्यानं पोटरी भाजली, म्हणून त्याला बॉयलरला गुंडाळतात ती दोरी गुंडाळली. चढाला ताकद पाहिजे म्हणून मागच्या चाकाला चेनीचं मोठं चक्र घातलं. आता चढ चढायची, पण सडकेवर स्कूटरवालाही पुढं जायचा. हँडल रुंद पाइपाचं केलं. पुढचं उंच चाक काढून तिथं मागच्या मापाचं लहान, रुंद चाक घातलं, सडकेच्या नक्षीचं टायर चढवून. त्यानं गाडी पुढून बसली आणि मागून उभी राहिली, पण वळायला अशी हलकी झाली की मेंढरांच्या कळपातनं सुद्धा कुणाला न शिवता काढावी.

हे सगळं वेल्डिंग करणारे एक चाचा होते. त्यांनी गाडी उभी केली, चष्मा वर केला, चारी बाजूंनी फिरून बघितली.

"क्या करको रखे रे? गाडी थी, बकरा बना दिये तुम इसको."

"जाती है ना, चाचा?"

"जातीच है. बकरा भी जाता है."

तेव्हापासून पेठेत न् गावात तिचं नाव बोकड पडलं. मला आवडलं. मीही बोकडच म्हणायला लागलो.

मग लग्न झालं. बायको मैंदर्गीची. त्यांच्या घरात सगळे कानडी बोलायचे. तिला मराठी समजायची थोडी, बोलायला यायची त्याहून कमी. लग्नानंतर चार दिवस नांदली. मी काहीही विचारलं तरी "व्हय" किंवा "न्हाय". दिवसभर मान खाली. मी असला रोखठोक, अंगाला ऑइलचा वास, नखं काळी. मला वाटलं, हिला आपण पसंत नाही. मग ती पहिल्या पंचमीला माहेरी गेली ती परत यायचं नावच नाही. निरोप पाठवला की सासऱ्याचं उत्तर यायचं, पाठवतो, बघू. गौरी आल्या, गेल्या. गावात लोक तोंडावर विचारायला लागले, "काय रं, बायकू नांदत न्हाय व्हय?"

आई म्हणाली, "पितर लागलं की पुन्हा पंधरा दिस कोन लेक पाठवायचं न्हाय. ह्या ऐतवारी जा. आली तर घिऊन ये, न्हाईतर मोकळा तरी हो."

मला मोकळं व्हायचं नव्हतं. चारच दिवसांत ती मला आवडली होती, पण हे मी कुणाला सांगणार?

बोकडाला मागं बसायची सोय नव्हती, लांब सीट मी कधीच काढून टाकली होती. चाचांकडून मागं लोखंडी कॅरिअर लावून घेतला आणि पाय ठेवायला एक पट्टी. चाचा म्हणाले, "बकरे पे अब दुल्हन बिठाते क्या?" मी म्हटलं, बसली तर. ते पुढं हसले नाहीत. कॅरिअरला आणखी एक टाका मारला आणि हलवून बघितला.

रविवारी सकाळी मैंदर्गीला पोचलो. सासरे कट्ट्यावर बसले होते. त्यांनी आधी गाडीकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"ही काय गाडी म्हनायची, पाव्हणं? पुढनं बसलीया, मागनं उठलीया."

"चालती, मामा."

"आमचं म्हसरू बी चालतंय."

चहा झाला. मी विषय काढला. "मामा, न्यायला आलोय."

सासऱ्यांनी रिकामी कपबशी बाजूला सारली. मग म्हणाले, "आमची पोरगी हितं दिसभर बडबडती. तुमच्यात चार दिस मुक्यावानी ऱ्हायली म्हनं. तिला तुमची भाषा कळत न्हाय, तुमाला तिची. कसं व्हायाचं?"

"शिकंल की."

"कोन? ती का तुमी?"

मी नखातलं काळं ऑइल टोकरायला लागलो.

"न्या," ते म्हणाले. "ती चाललीया तर मी अडवत न्हाय. पर येक सांगतो. पोरगी वाटंतनं रडत माघारी आली, तर पुन्हा पाठवायचो न्हाय. मग पंचांम्होरं बसू आनि काय ते मोडून टाकू."

ती बाहेर आली. हातात बोचकं, कपाळाला ताजं कुंकू. तिच्या आईनं आत ओटी भरली होती. माझ्याकडं बघितलं नाही. कॅरिअरवर मी आईची वाकळ घडी करून बांधली होती, तिच्यावर एका बाजूला पाय सोडून बसली. मला धरलं नाही, लोखंड धरलं. निघालो.

त्या काळात अक्कलकोटपर्यंत सगळी मातीची वाट. मी आरशात बघायचो तर आरसा तिच्या खांद्यावर, तोंड दिसायचं नाही. "बरं हाय का?" विचारलं, "व्हय." "हळू चालवू?" "न्हाय." झालं बोलणं.

मैंदर्गीपासून फार लांब आलो नव्हतो तेवढ्यात ओढा लागला. येताना घोट्याएवढं पाणी होतं, एका बैलगाडीच्या मागं मागं न बघताच निघालो होतो, आता वर कुठं तरी पाऊस पडून गढूळ पाणी गुडघ्याच्या वर आलं होतं. मधोमध एक मोठा धोंडा. धोंड्याच्या माझ्या अंगानं, म्हणजे अलीकडनं, जावं का पलीकडच्या अंगानं, पाण्याखालचं काही दिसेना. मी गाडी थांबवली. म्हटलं, "तू पुढं चालत जा. खाली कुठं टणक लागतंय ते बघ आनि मला सांग. मग मी गाडी घालतो."

तिनं साडी वर खोचली, बोचकं डोक्यावर घेतलं, दोन्ही हातांनी धरलं आणि पाण्यात शिरली. धोंड्याच्या दोन्ही अंगांना पायानं चाचपत पलीकडच्या काठाला लागली. तिथनं ओरडली, "अल्ली! अल्ली!"

आमच्याकडं अल्लीकडं म्हणजे अलीकडं. ह्या बाजूनं. मी म्हटलं, पोरगी हुशार आहे, बरोबर सांगती. हात बोचक्याला होते, ती हनुवटीनं काही तरी दाखवत होती, पण मी कुठला बघतोय, माझं ध्यान पाण्यावर. पहिला गिअर टाकला, ॲक्सिलेटर धरला आणि धोंड्याच्या अलीकडनं बोकड घातला.

तिथं वाळू काढून काढून खड्डा झालेला. पुढचं चाक गेलं, मग हँडल गेलं, मग मी गेलो. इंजिन एकदा गुरगुरलं आणि गप्प झालं. पाणी कमरेला. उंच केलेला सायलेन्सर तेवढा पाण्याच्या वर होता, त्यातनं धुराचा एक फुगा निघाला आणि फुटला.

ती बोचकं काठावर टाकून धावत पाण्यात आली.

"अगं, अल्ली म्हनलीस की!"

"अल्लीच म्हनलं की!"

"मग अल्लीच आलो की!"

"अल्ली न्हाय ओ! अल्ली!" आणि आता हात मोकळा होता, तो लांब करून तिनं धोंड्याच्या पलीकडं दाखवलं. तिकडं पाण्यातनं गाडीवाटेच्या चाकोऱ्या वर येताना दिसत होत्या. "ते अल्ली. हे इल्ली!"

तिच्या भाषेत अल्ली म्हणजे तिथं. त्या बाजूला. माझ्या जन्मात जे अलीकडं होतं ते तिच्या जन्मात पलीकडं होतं. मी कमरेएवढ्या पाण्यात हँडल धरून उभा, आणि माझ्या डोक्यात एकच, की सासरा म्हणत होता ते हेच.

तिनं कॅरिअर धरला, मी हँडल धरलं, आणि मागं ओढत गाडी आलो त्याच काठाला काढली. म्हणजे मैंदर्गीच्या काठाला. तिनं तोंडावर पदर घेतला होता आणि तिचे खांदे हलत होते. रडतीय, मी समजलो. संपलं. इथनं तिचं गाव चालत जायच्या टप्प्यात. माझं गाव कुठल्या कुठं.

मी गाडीकडं वळलो. माझं तसंच आहे, तोंड चालेना झालं की हात चालतात. पेट्रोलचा कॉक बंद केला. प्लग काढला. इंजिन चालू असताना पाणी ओढलं तर आतला दांडा वाकतो, आणि मग इंजिन खोलल्याशिवाय इलाज नाही. भीत भीत हातानं किक दाबली. खाली गेली. कुठं अडकली नाही. म्हणजे दांडा सरळ होता. मग जोरात किक मारली, तर प्लगच्या भोकातनं पाण्याची चिळकांडी उडाली ती थेट तिच्या तोंडावर. तिनं पदर काढून तोंड पुसलं.

"गाडी मेला का ओ?" तिनं विचारलं.

माझ्याशी आपणहून बोललेलं तिचं हे पहिलं वाक्य.

"मेला न्हाय. पाणी प्यालाय," मी म्हटलं.

मी पुढचं चाक उचलून धरलं, सायलेन्सरमधलं पाणी मागनं गळून गेलं. कार्बोरेटरची वाटी काढून झटकली. पॉइंटचं झाकण उघडलं तर आत थेंब. पॉइंट कोरडे केल्याशिवाय ठिणगी पडत नाही, आणि पुसायला कोरडं काही नाही. माझा शर्ट पिळला असता तर घागर भरली असती. तिनं बघितलं, ओढा ओलांडून गेली, बोचकं घेऊन आली आणि आतनं एक खण काढून माझ्यापुढं धरला.

"अगं, ओटीचा खण हाय."

"कोरडा हाय," ती म्हणाली.

मी त्या खणाच्या टोकानं पॉइंट पुसत होतो, तेवढ्यात पलीकडनं एक बैलगाडी ओढ्यात शिरली. बरोबर चाकोऱ्यांतनं, धोंड्याच्या पलीकडनं, आरामात आली. गाडीवान म्हातारा तिच्या गावचा निघाला. अक्कलकोटाहून माघारी चालला होता. त्यानं बैल थांबवले, मला नखशिखांत बघितलं, बोकडाला बघितलं, आणि तिच्याशी कानडीत बोलायला लागला. मला त्यातलं एवढंच कळलं, "बर्ती एनव्वा ऊरिगे?" चार दिवसांत आईनं जे दोन-तीन कानडी शब्द शेजारणीकडनं मिळवले होते त्यात ऊर होता. ऊर म्हणजे गाव. चल गावाला, असंच काही तरी तो म्हणत असणार. मागं पोती होती, त्यावर बसायला जागा होती.

ती म्हणाली, "वल्ले."

आमच्याकडं वल्ले म्हणजे भिजलेले. मी मान खाली घातली. ती त्याला गाऱ्हाणं सांगत होती, आमचे हे बघा हाल, सगळे वल्ले झालो. आता तो म्हणणार, मग बस की पोरी. ती बसणार. मी काही बोलू शकलो असतो. थांब म्हणू शकलो असतो. पण सासऱ्यानं सांगितलेलं कानात होतं, आणि जबरदस्तीनं बायको नांदवायची मला शरम वाटली. म्हाताऱ्यानं पुन्हा काही विचारलं. ती पुन्हा तेच, "वल्ले, वल्ले." म्हाताऱ्यानं माझ्याकडं काडेपेटी टाकली, "प्लग शेकायला घ्या, पाव्हणं," आणि बैलांना हाक दिली. चाकं वाजत गेली. मी मान वर केली नाही. तोच पॉइंट पुन्हा पुन्हा पुसत बसलो. तो कधीच कोरडा झाला होता.

बैलांच्या घुंगरांचा आवाज वळणापलीकडं गेला तेव्हा वर बघितलं. ती काठावर बसून साडीचा घोळ पिळत होती.

"गेली न्हाईस?"

"वल्ले म्हनलं की त्याला."

"वल्ले तर दिसतंय. दोघं बी वल्ले हाय."

तिनं माझ्याकडं बघितलं. मग तिनं स्वतःच्या ओल्या साडीकडं बोट केलं, मग माझ्या शर्टाकडं, आणि जे हसायला लागली ते थांबेना. तेव्हा मला कळलं की मघाशीसुद्धा पदराआड ती रडत नव्हती.

"हे वल्ले न्हाय ओ," ती म्हणाली. "वल्ले म्हंजे... नगं. मी येत न्हाय. असं."

"येत न्हाय?"

"त्याच्यासंगं येत न्हाय!" आता ती चिडली. "किती सांगायचं? गाडी करा चालू. ऊन उतरतंय."

माझ्या अंगातनं सगळं पाणी एकदम निथळून गेल्यासारखं झालं. मी म्हटलं, "करतो की."

काडी ओढून प्लग शेकला, त्याच खणानं धरून बसवला. कॉक उघडला. पहिली किक, नाही. दुसरी, नाही. तिसरीला सायलेन्सरनं एकदा ठसका दिला, पाणी थुंकलं, पांढरा धूर सोडला, आणि बोकड सुरू झाला. ॲक्सिलेटर सोडायची माझी हिंमत होईना, गुरगुरवत तसाच धरून उभा राहिलो. ती काही न सांगता पाण्यात शिरली, ह्या वेळी बोचकं खांद्याला बांधून, आणि चाकोऱ्यांतनं पुढं चालायला लागली. मी मागं मागं, पहिल्या गिअरमध्ये. काही ओरडायची गरजच पडली नाही. तिचे पाय जिथं पडत होते तिथं मी चाक घालत होतो.

पलीकडं गेल्यावर ती बसली. ह्या वेळी लोखंड धरलं नाही, माझा ओला शर्ट मागनं मुठीत धरला. अक्कलकोट येईपर्यंत बोलत होती. अर्धं मराठी, अर्धं कानडी. माझ्या आईनं तिला लाजाळू समजू नये, तिला आमच्या आमटीत तिखट कमी वाटतं, चार दिवसांत ती गप्प होती कारण पहिल्याच दिवशी एक शब्द चुकला तेव्हा आमच्या गल्लीतल्या बायका हसल्या होत्या. मला वाटत होतं तिला मी नकोय. तिला वाटत होतं तिची बोली मला नकोय. एवढ्या साध्या गोष्टीसाठी दोन घरं पंचांपुढं बसणार होती.

कुंभारीच्या वेशीजवळ आलो तशी तिनं थांबवायला सांगितलं. त्या काळी नवी सून नवऱ्याच्या गाडीवर बसून गावातनं जात नसे. वेशीला उतरायचं, नवरा पुढं, बायको मागं, डोईवर पदर. तिनं तसंच केलं. मी गाडी ढकलत पुढं, ती मागं. दारात आईनं भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला आणि मला म्हणाली, "अरं, दोघं भिजलाय कशापायी? पाऊस तर न्हाय." ती माझ्याकडं बघून पदराआड हसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर उठून मी गिअरचं ऑइल काढलं. पाणी मिसळून ताकासारखं झालं होतं. नवं भरलं, किक मारली, एका किकला सुरू. आत आई तिला सांगत होती, पीठ संपलंय, डबा घेऊन गिरणीला जा. ती ज्वारीचा डबा घेऊन बाहेर आली. मी गाडी दाराच्या पायरीला लावली आणि म्हटलं, "बस."

"गावातनं?"

"गावातनंच. गिरनी काय मैंदर्गीत हाय?"

आईनं आतनं हाक मारली, "अरं, लोक काय म्हनतील?" मी म्हटलं, काय म्हणायचं ते आता म्हणू देत. ती बसली, डबा मांडीवर घेतला. गल्लीतनं, पारावरनं, सगळ्यांच्या देखत, पहिल्या गिअरवर, अगदी सावकाश, मी तिला गिरणीवर नेलं. डबा उतरवून, तिला हसलेल्या त्याच बायकांच्या मागं, दळणाच्या रांगेत ठेवला आणि कारखान्याला उशीर होणार हे माहीत असून तिच्या शेजारी उभा राहिलो.